बोडक्या मानेचा कोंबडा

एक्सर, बोरिवली (पश्चिम)
२ सप्टेंबर १९८५

चि. सुलक्षणा,

पावणेदोन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. मी ठणठणीत आहे. मार्चअखेर शाळेतून निवृत्त झाले. सकाळपासून ओरडायचं कुणावर, हा प्रश्न सोडला तर बाकी सगळं सुरळीत चाललं आहे.

कामाचं लिहिते. मला तुझा कोंबडा हवा आहे.

कायमचा नको, दोन महिन्यांपुरता. माझ्याकडे बाबांच्या बोडकमानी कोंबड्यांपैकी तीन उरल्या आहेत: काळी, तांबडी आणि भुरी. कोंबडा एकही नाही. तुझ्या लग्नात बाबांनी जी जोडी दिली होती, तिच्या पिल्लांतला एक कोंबडा तुझ्याकडे आहे, आणि कोंबड्या सगळ्या बिबट्याने नेल्या, असं शेजारची चंपा सांगत होती. तिची भाची मुलुंडला तुमच्याच गल्लीत राहते, त्यामुळे तुमच्या अंगणातलं सगळं मला इथे कळतं.

गावाकडेही चौकशी करून झाली. तिथे आता घरोघरी सरकारी पांढऱ्या कोंबड्या आहेत. बाबांनी एक्केचाळीस साली मालवणहून आगबोटीने ही जात आणली, तेव्हा त्यांच्या उघड्या लाल माना बघून बोटीवरचे लोक म्हणत होते, रोगट दिसतायत, समुद्रात टाका. बाबांनी रात्रभर डालगं मांडीवर धरलं होतं. ती जात आता माझ्या तीन कोंबड्या आणि तुझा एक कोंबडा एवढीच शिल्लक आहे. मध्ये फक्त एक डोंगर, पण यायचं तर दादरला वळसा घालून यावं लागतं. माझ्या कोंबड्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. या हिवाळ्यात अंडी देतील, पुढच्या हिवाळ्याचं सांगवत नाही.

मागचं उगाळायला मी हे पत्र लिहीत नाही. त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात श्यामसुंदरराव थर्मासात लस घेऊन आले, एकेका कोंबडीला टोचून गेले आणि बारा दिवसांनी मानमोडीचा रोग लागला. चव्वेचाळीस होत्या, तीन राहिल्या. मी त्यांच्या पशुसंवर्धन खात्याकडे तक्रारीचा अर्ज केला. जे डोळ्यांनी दिसलं ते लिहिलं. तुला नवऱ्याचा कैवार आला, तू माहेर तोडलंस. ठीक आहे. पण राग माझ्यावर आहे ना, मग कोंबड्यांना त्याची शिक्षा कशाला?

कोंबडा कधी पाठवतेस ते कळव.

तुझी,
विमलाताई


२३ सप्टेंबर १९८५

चि. सुलक्षणा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातली एक पत्त्याची. ‘कोंबडा यांच्या हातचा आहे, हे ठरवतील.’ बरं. ठरवू देत. मी घाई करत नाही, पण काळीला ते समजावून सांगणारं कुणी नाही. ती महिनाभर खुडूक बसली आहे. खालची अंडी मी बॅटरीवर धरून पाहिली, सगळी वांझ. काढून घेतली तर दगडावर जाऊन बसली. आता दगड उबवते आहे आणि मी जवळ गेले की फुगून अंगावर येते. एका परीने माझ्यासारखीच आहे.

परवा चंपा कुंपणावरून म्हणाली, “विमलाताई, माझा पांढरा घे ना दोन दिवस! एवढं काय त्यात? पिल्लं ती पिल्लंच ना!”

मी म्हटलं, “तुझ्या पांढऱ्या कोंबड्या अंडी घालतात आणि विसरून जातात. मला आई होणारी कोंबडी हवी आहे.”

“मग बस बोंबलत,” म्हणाली. चंपाचं एक बरं आहे, ती मनात काही ठेवत नाही. पण खरंच सांगते, एकदा पांढऱ्याचं रक्त आत गेलं की माना अर्ध्या झाकणार, बूड चार दिवसांत अंड्यांवरून उठणार, झाडावर झोपायची सवय जाणार. मग ती बाबांची कोंबडी राहणार नाही. नुसती कोंबडी राहील.

तू विचारलंस, लस टोचल्यावर पंधरा दिवसांत बाहेरचा पक्षी वाडीत आला होता का. लस अंगी लागायला पंधरा दिवस जातात, तोवर बाहेरचं काही आत आणू नका, असं श्यामसुंदररावांनी जाताना दोनदा सांगितलं होतं. मी बहिरी नाही. नाही आला. तेव्हाही मी नाहीच म्हटलं होतं. त्यांनी तोच प्रश्न दोन वर्षं धरून ठेवावा याचं मला आश्चर्य वाटतं.

विमलाताई


१८ ऑक्टोबर १९८५

चि. सुलक्षणा,

भुरी गेली. मंगळवारी भरदुपारी मुंगसाने धरली. कोंबडा असता तर ओरडला असता. बाकीच्या दोघी चिक्कूखाली माती उकरत राहिल्या, त्यांना पत्ताच नाही. आता दोन.

तुझं मोठं पत्र मी तीनदा वाचलं. श्यामसुंदररावांना फिरतीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलंय हे मला माहीत नव्हतं. चंपाची भाची बिबट्याचं सांगते, हे सांगत नाही. दोन वर्षं ते रिकाम्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात. नवीन भरती झालेली मुलं त्यांना विचारतात, सुईने एक्केचाळीस मारल्या ते साहेब तुम्हीच का. सकाळी कामावर जाण्याआधी तेवढा एक कोंबडा ते हाताळतात, पंख उचलून बघतात, पाय तपासतात, आणि मग डबा घेऊन निघतात. हे तू लिहिलंस ते मला वाचवत नव्हतं.

माझा अर्ज एवढा वर जाईल असं मला वाटलं नव्हतं. अक्षर चांगलं, भाषा शुद्ध, वर मास्तरीण. सगळ्यांना तो खरा वाटला.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. एक कोंबडा आणला होता. दहिसरच्या बाजारातून, देवदिवाळीच्या राखणीला द्यायला. पण मी तो डालग्याखाली झाकून ठेवला होता, इतरांत सोडला नव्हता. म्हणून मी नाही म्हटलं. झाकलेला कोंबडा वाडीत आला असं धरत नाहीत, असं माझं तेव्हा मत होतं.

हे श्यामसुंदररावांना सांगावं असं काही त्यात नाही.

विमलाताई


१६ नोव्हेंबर १९८५

सुलू,

‘मी यांना सांगितलेलं नाही, ते तूच सांगायचं आहेस,’ असं तू लिहिलंस. आणि खाली एक ओळ: ‘राखणीला बाजारचा कोंबडा सीतारामकाकांनी चालवून कसा घेतला?’

तुला लहानपणापासून नेमकं जिथे दुखतं तिथेच बोट ठेवायची खोड आहे. सांगते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात सांगते.

देवदिवाळीला आंब्याखालच्या राखणदाराला, वाडी सांभाळणाऱ्या देवाला, सीतारामकाकांनी गाऱ्हाणं घालून घरच्या कोंबड्यांतला सगळ्यात उमदा कोंबडा द्यायचा, हे तुला ठाऊक आहे. “तेका उरलला-सुरलला दिवचा नाय,” असं बाबा म्हणायचे. ते दरवर्षी आधी त्या कोंबड्याची पिल्लं उठवून घ्यायचे आणि मग हात जोडून द्यायचे. मी बाबांच्या मागे चार वर्षं तसंच केलं. त्र्याऐंशी साली पाळी सुभेदारची होती.

सुभेदारला तू पाहिलं होतंस. काळा, पाठीवर तांब्याची झाक. त्याची पिल्लं होती, तेव्हा देता आला असता. जातीचं काही बिघडत नव्हतं. पण मी संध्याकाळी वह्या तपासायला बसले की तो खुर्चीच्या पाठीवर येऊन बसायचा. मी लाल शेरा मारला की मान वाकडी करून बघायचा. बाबा गेल्यावर या घरात माझ्याजवळ येऊन बसणारं दुसरं कुणी नव्हतं. मला तो आवडायचा, सुलू. एवढंच कारण.

म्हणून लस टोचल्याच्या पाचव्या दिवशी मी दहिसरच्या बाजारातून एक काळा कोंबडा आणला. त्याची मान पिसांनी भरलेली. बोडकमानीच्या वाडीत तो कसा खपणार? म्हणून मी मोरीत बसून, त्याला गुडघ्यांत दाबून, मानेवरचं एकेक पीस उपटलं. पाऊण तास लागला. तीस वर्षं मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगणारी बाई मी. वरून हळद लावली. तो चार दिवस खुराड्याशेजारी डालग्याखाली होता. चौथ्या दिवशी त्याची शीट हिरवी होती आणि डोळे मिटत होते. मी ते पाहिलं. मनात म्हटलं, आज मरणारच आहे. आणि त्याला चारलं त्याच हातांनी जाऊन मी सुभेदारला दाणे घातले.

सीतारामकाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तरी हातात घेतल्यावर म्हणाले, “बाय, हेची मान इतकी लाल कित्याक गो?” मी म्हटलं, भांडलाय. त्यांनी गाऱ्हाणं घातलं आणि दिला.

पुढच्या गुरुवारी सकाळी पहिला सुभेदार मान पिरगळून पडला. मग रोज पाच, सहा, आठ.

श्यामसुंदरराव बातमी कळताच धावत आले. अंगणात उकिडवे बसले. चंपा होती, सीतारामकाका होते. मेलेली कोंबडी हातात धरून त्यांनी मला विचारलं, “ताई, बाहेरून काही आणलं होतं का?” मी नाही म्हटलं. त्यांनी ती कोंबडी हलकेच खाली ठेवली. मग म्हणाले, “तर मग लसच वाटेत गरम झाली असेल. थर्मास माझा होता.”

तो माणूस स्वतःच्या अंगावर घेत होता. मी घेऊ दिलं. नुसतं घेऊ दिलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. मी तेच वाक्य अर्जात लिहिलं, ‘संबंधित कर्मचाऱ्याने लस गरम झाल्याचे स्वतः कबूल केले.’ कारण दुसरं उत्तर द्यायचं तर बाबांच्या वाडीत, बाबांच्या राखणदाराला मी रोगट कोंबडा फसवून दिला, हे चार लोकांपुढे म्हणावं लागलं असतं. मला त्याची लाज वाटली. श्यामसुंदररावांच्या नोकरीची वाटली नाही.

हे पत्र त्यांना वाचायला दे.

ताई


८ डिसेंबर १९८५

सुलू,

अर्ज मागे घेतल्याची नक्कल सोबत जोडली आहे. झालं ते सगळं त्यात लिहिलं आहे, मान उपटल्याचंसुद्धा. खात्यातल्या कारकुनाने वाचता वाचता दोनदा माझ्याकडे वर पाहिलं. शिक्का मारून दिला, “बघू,” म्हणाला. पहिला अर्ज वर जायला आठ दिवस लागले होते. हा किती दिवसांनी कुठे पोचेल, देव जाणे.

सीतारामकाकांनाही सांगितलं. मला वाटलं होतं, काठी उगारतील. त्यांनी विडीचं थोटूक विझवलं आणि म्हणाले, “माका तेव्हाच गमलला. पन तू मास्तरीन. तुका कोन इचारतलो?” मी विचारलं, आता राखणदाराला काय देऊ? तर म्हणाले, “तेका ऱ्हवंदे. आदी मानसांचा काय ता निस्तर.”

श्यामसुंदररावांचा निरोप तू जसाच्या तसा लिहिलास ते बरं केलंस. ‘कोंबडा एक्सरला येणार नाही. ताईंना जात जगवायची असेल तर त्यांनी दोन्ही कोंबड्या इकडे आणून द्याव्यात. परत मागू नयेत.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कार्ड फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. चव्वेचाळीस वर्षं या वाडीत पहाटे कोंबड्यांचा आवाज आहे. शेवटच्या दोन मी स्वतःच्या हाताने नेऊन दुसऱ्याच्या अंगणात सोडायच्या, आणि ते अंगण कुणाचं, तर ज्याचं मी नाव बुडवलं त्याचं. तो म्हणतो ते बरोबर आहे हेच जास्त झोंबलं. त्याच्या जागी मी असते तर मीही माझ्या हातात कोंबडा दिला नसता.

दोन दिवस मी दोन्ही कोंबड्यांना जवळून पाहिलं. तांबडी अंड्यावर येते आहे, तुरा लाल झाला आहे. काळीला अजून दगडाचा लळा आहे. आता त्यांना कोंबडा हवा, मी नको. शनिवारी आणते. जेवायला थांबणार नाही.

ताई


२२ डिसेंबर १९८५

सुलू,

काल सकाळी सवयीने खुराड्याची फळी काढली आणि मग आठवलं. तांदळाची कणी हातात होती. चिमण्यांना टाकली.

तू दारात रडलीस ते मला आवडलं नाही. मी रडले नव्हते, मग तू कशाला? श्यामसुंदरराव किती वाळले आहेत. त्यांनी डालगं माझ्या हातातून घेतलं, सावलीत नेलं, एकेकीला बाहेर काढून पंखाखाली पाहिलं, चोच उघडून पाहिली, पोटावर बोट ठेवून अंडं चाचपलं. इतक्या हलक्या हाताने. त्या दोघींनी हूं का चूं केलं नाही. माझ्या हातात काळी नेहमी टोचते.

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. योग्य केलं. मी काहीतरी बोलायचं ठरवून आले होते, वाटेत तीनदा मनात घोकलंही होतं, पण ते कोंबड्यांना घेऊन मागे वळले आणि मला फक्त त्यांची पाठ दिसली. पाठीशी मला बोलता येईना. तेव्हा ते वाक्य इथे लिहिते, तू त्यांना दाखव: मी खोटं बोलले, ते तुमच्या खरेपणाच्या आधाराने बोलले. माफी मागते. ती द्यायलाच हवी असं नाही.

देवदिवाळीला आंब्याखाली मी नुसती जाऊन उभी राहिले. या वर्षी हातात काही नव्हतं. काका म्हणाले, चलता.

ताई


१६ मार्च १९८६

श्री. श्यामसुंदरराव यांस,

तुमचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं पहिलं पत्र मिळालं. नवऱ्याबायकोचं अक्षर सारखंच किरटं आहे. काळीखालच्या अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली, सगळ्यांच्या माना उघड्या, दोन पिल्लं काळी, बाकी तांबूस, एकवीस दिवसांत कोंबडी फक्त दाण्यापाण्यापुरती उठली, हे सगळं वाचून मला जे वाटलं ते लिहायचं तर आनंद झाला एवढंच लिहिते. फार झाला. चंपाला हाका मारून सांगितलं. ती म्हणाली, “झकास! मग आता आण ना दोन!”

तेच तुम्हीही विचारलं आहे. पिल्लं आईपासून सुटली की दोन तलंगा कोंबड्या आणि एक कोंबडा एक्सरला पाठवू का, वाडी रिकामी बरी दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही अजून स्टोअरमध्येच आहात असं सुलूकडून कळलं. तरी तुम्ही हे विचारावं, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

मी चार दिवस त्यावर विचार केला. खुराडं पाहून आले. एक फळी कुजली आहे, ती बदलता येईल. दाणे आणता येतील. तुम्ही सांगाल ते पाळेन असंही लिहिता येईल, आणि लिहिताना ते खरंही असेल.

पण पाठवू नका. त्या नऊंत एखादा काळा निघेल, पाठीवर तांब्याची झाक असलेला. वाढला की येऊन खुर्चीच्या पाठीवर बसेल. तो मला आवडेल. आणि मग त्याच्यासाठी मी काय करेन ते मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. तुम्ही मला माफ केलंत, पण मी बदलले आहे असं त्यावरून ठरत नाही. ही जात तुमच्या अंगणात राहू दे. तुमच्याकडून सहा-सात घरांत जाऊ दे, मुलुंडला, गावाला, जिथे नीट पाळतील तिथे. माझ्याकडे नको.

मला ती पिल्लं फक्त एकदा बघायची आहेत. त्यांना मी हात लावणार नाही. बाहेरून आलेली आहे, तेव्हा चपला फाटकाशी काढीन, पाय धुवीन आणि तुम्ही सांगाल तिथे उभी राहीन.

रविवारी येऊ का?

विमला